सिग्नलचा खर्च कोणाच्या खात्यावर?

एका मध्यम आकाराच्या चौकातल्या सिग्नलला वर्षाला वीज किती लागते? चार रस्ते, प्रत्येक रस्त्याला दोन पोल, शिवाय पादचाऱ्यांसाठीचे दिवे. दिवे पुष्कळ दिसतात. पण लाल, पिवळा आणि हिरवा यांपैकी एका वेळी एकच पेटलेला असतो. म्हणजे एकूण सोळाएक दिवे. एलईडीचा दिवा १० ते १५ वॅट घेतो. कंट्रोलरची वीज धरली तरी सगळा चौक ३०० वॅटमध्ये भागतो. दिवसाचे १८ तास सिग्नल चालला तर वर्षाला २,००० युनिटच्या आतबाहेर. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचे बिल २०,००० रुपये. जुने १०० वॅटचे दिवे असते तर आजच्या दराने हेच बिल लाखाच्या पुढे गेले असते.

आता त्याच चौकाचा दुसरा हिशेब मांडू. तिथून तासाला ३,००० वाहने जातात आणि अशी वर्दळ दिवसाचे १२ तास असते. सिग्नलच्या वेळा चुकीच्या लावल्यामुळे प्रत्येक वाहनाला सरासरी १० सेकंद जादा थांबावे लागते, एवढेच गृहीत धरू. दिवसाला ३,६०,००० सेकंद, म्हणजे बरोबर १०० तास वाया गेले. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३०,००० तास. माणसाच्या तासाची किंमत फक्त १०० रुपये लावली तरी ३० लाख रुपये. दुचाकी, रिक्षा, मोटारी, बस या सगळ्यांची सरासरी काढून, उभे इंजिन तासाला पाव लीटर इंधन जाळते असे मानले, तर ७,५०० लीटर इंधन, म्हणजे आणखी साडेसात लाख. ही सगळी गृहीतके माझी आहेत. कोणाला ती फुगवलेली वाटली तर त्याने बेरीज खुशाल निम्मी करावी. तरीही ती विजेच्या बिलाच्या नव्वदपट उरते. आणि हा फक्त १० सेकंदांच्या चुकीचा भुर्दंड आहे.

२०,००० रुपयांचे बिल महापालिका भरते, म्हणून ते अंदाजपत्रकात दिसते. साडेसदतीस लाखांचे बिल चौकात उभे असलेले लोक आपापल्या खिशातून भरतात, म्हणून ते कुठेच दिसत नाही. सिग्नलवरच्या सार्वजनिक खर्चाची सगळी गल्लत इथून सुरू होते. जो खर्च दिसतो तो वाचवण्यासाठी किंवा मिरवण्यासाठी निर्णय होतात. जो दिसत नाही तो वाढतच जातो.

दिसणाऱ्या खर्चाचे पुण्यातले उदाहरण घेऊ. स्मार्ट सिटी योजनेखाली शहरातल्या सव्वाशेच्या आसपास चौकांत वाहतुकीनुसार वेळा बदलणारी नवी यंत्रणा बसवण्यात आली. तिच्या उभारणीचा खर्च शंभर कोटींच्या घरात होता आणि देखभालीची तरतूद वेगळी. नियंत्रण कक्षासह सगळे धरून चौकामागे ऐंशी लाखांच्या आसपास. रक्कम मोठी आहे, पण तेवढ्यावरून ती उधळपट्टी ठरत नाही. वर मांडलेला हिशेब खरा असेल, तर चौकामागे १० सेकंद जरी वाचले तरी हे पैसे दोन-अडीच वर्षांत नागरिकांना परत मिळाले असे म्हणता येईल. पण ते १० सेकंद वाचले का, हे कोणी मोजले? दुसरीकडे, टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या जागतिक यादीत पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून जास्त वेळ लागतो, अशी नोंद आहे. नव्या यंत्रणेचे यश-अपयश एवढ्यावरून ठरत नाही, कारण त्याच काळात मेट्रोची कामे चालू होती आणि वाहनेही वाढत होती. मात्र चौकाचौकातले आधीचे आणि नंतरचे थांबणे मोजून ते आकडे लोकांपुढे ठेवायला कोणाची आडकाठी नव्हती. निविदेत खांब मोजले जातात, कॅमेरे मोजले जातात. वाचलेले सेकंद मोजायची अट मात्र क्वचितच असते.

याचे कारण सिग्नलकडे पाहण्याच्या पद्धतीत आहे. महापालिकेच्या लेखी सिग्नल ही मालमत्ता आहे. पोल उभा राहिला, केबल टाकली, दिवा लागला, ठेकेदाराचे देयक निघाले की काम पूर्ण. प्रत्यक्षात पोल आणि दिवा हे निमित्तमात्र. कोणत्या रस्त्याला किती वेळ द्यायचा आणि कोणाला किती थांबवायचे, हा त्या चौकात दिवसभर शेकडो वेळा अमलात येणारा सार्वजनिक निर्णय आहे. त्या निर्णयाला वय असते. जवळ नवी शाळा निघते, एखादा रस्ता एकेरी होतो, मॉल उघडतो, मेट्रोचे स्टेशन सुरू होते, आणि कालच्या वेळा आज चुकीच्या ठरतात. दिवा तसाच लागत राहतो, त्यामुळे सिग्नल ‘चालू’ आहे अशीच नोंद होते.

वेळा ठरवणे हे अंदाजपंचे करायचे कामही नाही. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या वेबस्टर यांनी १९५८ मध्ये मांडलेले सूत्र आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. त्याचा गाभा सोपा आहे. प्रत्येक वेळी एक बाजू थांबवून दुसरी सोडताना काही सेकंद फुकट जातात, कारण चौक रिकामा व्हावा लागतो आणि पुढच्यांना निघायला वेळ लागतो. म्हणून फेरी फार छोटी ठेवली तर चौक थांबण्या-निघण्यातच दमतो. फार मोठी ठेवली तर साचलेली रांग निघून गेल्यावरही हिरवा दिवा विरळ वाहतुकीसाठी लागून राहतो आणि बाकी तीन बाजूंना रांगा लांबत जातात. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी सर्वांत कमी थांबण्याची वेळ असते आणि ती प्रत्येक चौकाची, प्रत्येक प्रहराची वेगळी असते. आपल्याकडे मोठ्या चौकांत तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या सर्रास दिसतात. त्यांमागे आकडेमोड असेलच असे नाही. बऱ्याचदा ‘या बाजूची रांग एकदाची संपवून टाकू’ एवढीच भावना असते. लांबलेली रांग मागच्या चौकात शिरली की तिथला हिरवा दिवाही निरुपयोगी होतो, हे त्या भावनेत बसत नाही.

श्रीमंत देशांतही या बाबतीत आनंदीआनंदच होता. अमेरिकेतल्या वाहतूक अभियंत्यांच्या संघटनांनी तिथल्या सिग्नल-व्यवस्थापनाला शाळेच्या प्रगतिपुस्तकासारख्या श्रेणी दिल्या. २००५ मध्ये ‘डी उणे’, २००७ मध्ये ‘डी’, २०१२ मध्ये ‘डी अधिक’. म्हणजे सात वर्षांत नापासाच्या उंबरठ्यावरून जेमतेम अलीकडे. निदान तेच होते: यंत्रे होती, पण त्यांच्या वेळा नियमित तपासणारी माणसे आणि त्यासाठीचे पैसे नव्हते. दर तीन ते पाच वर्षांनी प्रत्येक सिग्नलच्या वेळा नव्याने बसवाव्यात, अशी तिथे शिफारस आहे आणि या कामावरच्या एका डॉलरमागे चाळीस डॉलरच्या फायद्याचा दाखला तिथे वारंवार दिला जातो. चाळीस हा आकडा थोडा आशावादी मानला तरी रस्त्यांवरच्या कामांत असा परतावा देणारे दुसरे काम शोधून सापडणार नाही. त्यात सिमेंट लागत नाही की भूसंपादन लागत नाही. वाहने मोजणारी चार माणसे, एक जाणकार अभियंता आणि चौकात उभे राहून पाहण्याची तयारी एवढेच लागते. उद्घाटनाची फीत कापायला यात काही नसते आणि ठेकेदारालाही फारसे काही मिळत नाही, हीच याची अडचण.

आपल्याकडे हे काम नेमके कोणाचे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. सिग्नल बसवायचा आणि दुरुस्त करायचा महापालिकेच्या विद्युत विभागाने. तो चालवायचा वाहतूक पोलिसांनी. त्याखालचा रस्ता पथ विभागाचा. तो खोदणार पाणीपुरवठा विभाग, महावितरण, मेट्रो किंवा इंटरनेटची केबल टाकणारी कंपनी. खोदाईत सिग्नलची केबल तुटली की ती कोणी जोडायची यावर पत्रव्यवहार, आणि तोवर चौकात अंधार. सिग्नल मोडणाऱ्याला ई-चलनाने होणारा दंड राज्याच्या तिजोरीत जातो. सिग्नलच मोडला तर दुरुस्तीचे बिल महापालिकेकडे. ज्याला उत्पन्न आहे त्याला खर्च नाही आणि ज्याला खर्च आहे त्याला उत्पन्न नाही. अशा रचनेत वेळापत्रकाची काळजी वाहणारा कोणी निर्माण होईल, ही अपेक्षाच भाबडी आहे. पोलीस शिपायाला वाहतूक अभियांत्रिकीचे शिक्षण नसते, विद्युत अभियंत्याचा संबंध दिव्याशी असतो. वेळा बसवण्याची विद्या असलेला माणूस बहुतेक महापालिकांच्या आस्थापनेवर नसतो. असलाच तर सल्लागार म्हणून, प्रकल्पापुरता.

देखभालीचे छोटे खर्चही इथेच हरवतात. वीज गेली तरी सिग्नल चालावा म्हणून चौकात बॅटऱ्या बसवतात. बंगळुरूत २०२१-२२ मध्ये सिग्नलच्या दोनशेहून अधिक बॅटऱ्या चोरीला गेल्याचे प्रकरण पोलिसांनी उघडकीस आणले होते. चोर सापडले हे ठीकच; पण इतक्या बॅटऱ्या जाईपर्यंत महिने लोटले होते.

या साऱ्या उणिवांची भरपाई आपण माणसाने करतो. सिग्नल आहे, तरीही खाली शिट्टी घेऊन शिपाई उभा आहे, शेजारी वॉर्डन आहे, हे दृश्य आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की त्यातला दुहेरी खर्च खुपत नाही. शिपायाचा वर्षाचा पगार आणि भत्ते मिळून पाच-सहा लाख धरले आणि दोन पाळ्यांत मिळून चार जण धरले, तर चौकामागे वीस लाखांच्या पुढे. विजेच्या बिलाच्या शंभरपट. शिवाय धूर आणि ऊन खाऊन त्या माणसांच्या आरोग्याचे जे होते, त्याची किंमत वेगळीच. शिपाई चौकात हवा तो अपघात, मोर्चा, रुग्णवाहिका यांसारख्या प्रसंगांसाठी. रोज संध्याकाळी सहा वाजता त्याला सिग्नल ‘मॅन्युअल’वर घ्यावा लागत असेल, तर त्या चौकाचे संध्याकाळचे वेळापत्रक चुकले आहे, याचा तो रोजचा पुरावा आहे. ही नोंद कोणी ठेवली तरी निम्मे निदान फुकट होईल.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, आता कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे आपोआप करील. वाहतुकीनुसार वेळा बदलणाऱ्या यंत्रणा काही आजच्या नाहीत. ब्रिटनची ‘स्कूट’ आणि सिडनीची ‘स्कॅट्स’ गेली कित्येक दशके चालू आहेत. आपल्या सीडॅकनेही आपल्या सरमिसळ वाहतुकीसाठी ‘कोसिकॉस्ट’ ही प्रणाली तयार केली आहे. मुंबईत जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या नागरी परिवहन प्रकल्पातून असे नियंत्रण आले, त्यालाही आता बराच काळ लोटला. या यंत्रणा उपयोगी आहेत, यात वाद नाही. पण त्या वेळापत्रकाची काळजी संपवत नाहीत, वाढवतात. वाहने ओळखणारा कॅमेरा धुळीने माखला, फांदीआड गेला किंवा खोदाईत त्याची तार तुटली, की यंत्रणा ठरावीक वेळांवर परत येते. त्या ठरावीक वेळा कोणी काळजीने बसवलेल्या नसतील, तर ऐंशी लाखांचा चौक जुन्या चौकासारखाच वागतो. त्यातच आपल्याला उलटे मोजणारा टायमर हवा असतो. वेळा क्षणाक्षणाला बदलणाऱ्या यंत्रणेला ‘अजून ४२ सेकंद’ असे वचन आधी देता येत नाही. टायमर पाहिजे असेल तर लवचीकता सोडावी लागते. दोन्हींचे पैसे मोजून दोन्ही मिळत नाहीत. गूगलने बंगळुरू, हैदराबाद, कोलकाता अशा शहरांत नकाशांतल्या माहितीवरून वेळांच्या शिफारशी देण्याचा उपक्रम चालवला आहे. त्यासाठी चौकात नवे यंत्र लागत नाही. शिफारस तपासून ती चौकाला लावणारा जबाबदार माणूस मात्र तिथेही लागतोच.

याच्या आधीचा एक प्रश्न आपण विचारतच नाही: या चौकात सिग्नल हवा आहे का? भारतीय रस्ते परिषदेची सिग्नलविषयीची मार्गदर्शक तत्त्वे १९८५ पासून उपलब्ध आहेत. वाहनांची किमान संख्या, रस्ता ओलांडणारे पादचारी, अपघातांचा इतिहास अशा कसोट्यांवर चौक उतरला तरच सिग्नल बसवावा, असे त्यांत सांगितले आहे. प्रत्यक्षात सिग्नल बहुधा मागणीवरून येतो. एखादा अपघात होतो, लोक चिडतात, निवेदन दिले जाते, निधी मिळतो. चीड रास्त असते, पण उपाय तोच असतो असे नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियात १९९ चौकांतले अनावश्यक सिग्नल काढून तिथे ‘थांबा’ अशा पाट्या लावल्या. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या चौकांतले अपघात २४ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे थांबा म्हटल्यावर कोण थांबतो, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. म्हणून तो प्रयोग जसाच्या तसा उचलू नये. पण बसवलेला सिग्नल काढणे हाही सुरक्षेचा निर्णय असू शकतो, एवढे तरी त्यातून घ्यावे. वर्तुळाकार चौकाची क्षमता तासाला ३,००० वाहनांपर्यंत असते, असे रस्ते परिषदच सांगते. त्याहून कमी वर्दळीचे कितीतरी चौक आपल्याकडे आहेत आणि तिथे दगडमातीच्या चांगल्या बांधलेल्या बेटाला ना वीज लागते ना कंट्रोलर. सिग्नल टाळण्याचा आपला आवडता मार्ग मात्र उड्डाणपूल हा आहे. पुण्यात विद्यापीठ चौकातला पूल मेट्रोसाठी २०२० मध्ये पाडावा लागला, तेव्हा तो बांधून दोन दशकेही झाली नव्हती. त्या पैशांत शहरातल्या सगळ्या चौकांच्या वेळा किती वेळा तपासून झाल्या असत्या, हा हिशेबही कोणी मांडला नाही.

सुरुवातीला मी मांडलेल्या हिशेबात एक मोठा दोष आहे. तो वाहने मोजतो. चाळीस प्रवाशांची बस आणि एकट्या माणसाची मोटार त्यात सारखीच ठरते. पायी चालणारा तर त्यात नाहीच. फक्त वाहनांचे सेकंद वाचवायला निघाले, तर सर्वांत ‘कार्यक्षम’ चौक तो ठरेल जिथे पादचाऱ्याला रस्ताच ओलांडता येत नाही. आपले बरेच चौक त्या दिशेने गेलेले आहेत. १५ मीटर रुंदीचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर वेगाने ओलांडायला साडेबारा सेकंद लागतात. गुडघे धरलेल्या आजींचा वेग ०.९ मीटर धरला तर १७ सेकंदांच्या आसपास. त्यातच डावीकडे वळणाऱ्यांना कायम मोकळीक दिलेली असते, म्हणजे हिरवा माणूस दिसत असतानाही अंगावर गाडी येतेच. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. मुंबईत २०२० मध्ये दादर भागातल्या पादचारी दिव्यांवर स्त्रीची आकृती झळकली आणि तिचे कौतुक झाले. कौतुक योग्यच होते. त्या आकृतीला रस्ता ओलांडायला पुरेसे सेकंद मिळतात का, हा त्यापुढचा प्रश्न. तेव्हा वेळा बसवताना वाहने मोजण्याऐवजी माणसे मोजावीत: बसमधली, दुचाकीवरची, पायी चालणारी. असे मोजले की लांबलचक फेऱ्या आपोआप आखडत्या घ्याव्या लागतील.

हे सगळे करून कोंडी संपेल का? नाही. लॉस एंजेलिसने १९८४ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने सिग्नल संगणकाने जोडायला सुरुवात केली आणि २०१३ पर्यंत शहरातले सुमारे ४,४०० सिग्नल एका यंत्रणेत आणले. तरीही ते शहर कोंडीसाठी प्रसिद्ध आहेच. रस्ता थोडा मोकळा झाला की आणखी मोटारी येतात, आणि सार्वजनिक वाहतूक सुधारल्याखेरीज त्याला उत्तर नाही. पण कोंडीवर अखेरचा इलाज नाही म्हणून रोजची उधळपट्टी चालू ठेवणे, हा काही युक्तिवाद झाला नाही. बस वेळेवर धावावी असे वाटत असेल तर तिला चौकात अडवून ठेवणारे सेकंद आधी कमी करावे लागतील, आणि ते काम नव्या बस विकत घेण्याहून पुष्कळ स्वस्त आहे.

मागणी साधी असावी. प्रत्येक महापालिकेने आपल्या हद्दीतल्या प्रत्येक सिग्नलची एक नोंद लोकांसाठी खुली ठेवावी. तो कोणत्या कसोटीवर बसवला. त्याच्या वेळा शेवटच्या कधी आणि कोणी ठरवल्या. वर्षात किती दिवस बंद होता. किती वेळा हाताने चालवावा लागला. पादचाऱ्याला किती सेकंद मिळतात. या कामासाठी वाहतूक अभियंत्यांची कायम पदे हवीत, पोलीस आणि विद्युत विभाग यांच्यामध्ये कोलमडणारा समन्वय त्यांच्या हाती द्यावा आणि वेळांची फेरतपासणी हे अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष असावे. ई-चलनाच्या रकमेतला ठरावीक वाटा राज्याने त्यासाठी महापालिकांना द्यावा. सिग्नल पाळला नाही म्हणून घेतलेला दंड सिग्नल पाळण्याजोगा ठेवण्यासाठी खर्च व्हावा, यात गैर काही नाही. आणि नव्या सिग्नलचा ठराव स्थायी समितीपुढे येईल, तेव्हा त्याची किंमत विचारण्याआधी सभासदांनी एवढेच विचारावे, की शहरात आधीपासून असलेल्या सिग्नलच्या वेळा गेल्या तीन वर्षांत किती चौकांत तपासल्या. उत्तर मिळाले नाही तर ठराव मागे पाठवावा.